रित्या भिंतीपुढे : वासुदेव गायतोंडे ह्यांची चित्रकला आणि तिचे ऋण

कुंभारवाड्यातील आमच्या लहानशा प्रार्थनागृहात वेदीमागची भिंत गेली दोन वर्षे कोरी आहे. जोयडा तालुक्यातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको की येथे गिलावा फार काळ टिकत नाही. तो सुटला, नव्याने केला, वर चुन्याचे दोन हात दिले आणि मग त्या भिंतीवर काय असावे ह्याविषयी लोकांत मतभेद सुरू झाले. कोणी शेवटल्या भोजनाचे मोठे छापील चित्र आणावे म्हणाले. कोणी गोव्यातील ख्रिस्तमंदिरांत असते तशी सोनेरी महिरप करून घ्यावी म्हणाले. भिंत कोरीच राहू द्यावी, असे माझे मत पडले. ते कोणालाच पटले नाही. तेव्हा माझे म्हणणे समजावून देण्यासाठी मी खोलीतून वासुदेव गायतोंडे ह्यांच्या एका चित्राची छापील प्रत आणून दाखविली. आमचे धर्मशिक्षक वयाने माझ्याहून वीस वर्षांनी वडील आहेत. त्यांनी ती प्रत बराच वेळ हातात धरली, उजेडाकडे वळवून पाहिली आणि विचारले, "फादर, हे रंगवायचे राहिले आहे, की रंगवून पुसले आहे?"

गायतोंडे ह्यांच्याविषयी मी जे काही वाचले आहे त्यात इतका नेमका प्रश्न क्वचितच आढळला. त्यांच्या चित्रांपुढे उभे राहून 'शांतता', 'ध्यान', 'शून्य' असे शब्द उच्चारणे सोपे असते आणि बहुतेक लेखक तेवढे करून थांबतात. परंतु ही शांतता केली कशी, ती कशावर पसरली आहे, तिच्याखाली काय दडले आहे, हे विचारावयास धर्मशिक्षकांसारखी साधी नजर लागते. प्रस्तुत लेखात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आपण धर्मगुरू आणि धर्मशिक्षक चित्रे, मूर्ती आणि भिंती ह्यांविषयी रोज निर्णय घेत असतो आणि बहुधा विचार न करता घेतो, एवढेच कारण हा विषय येथे मांडण्यास पुरेसे आहे.

वासुदेव संतू गायतोंडे ह्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे; ते वाढले मुंबईत, गिरगावातील चाळीत. १९४८ साली त्यांनी सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळविली. १९५० च्या सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप ह्या मंडळींत सामील झाले. पुढे भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करण्यास जागा मिळाली. त्या एका वास्तूत चित्रकार, वादक आणि नाट्यकर्मी शेजारी शेजारी काम करीत असत. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ पासून ते दिल्लीत निजामुद्दीन भागात एका गच्चीवरच्या खोलीत राहू लागले आणि शेवटपर्यंत बहुधा एकटेच राहिले. विवाह त्यांनी केला नाही. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठ्या चित्रफलकावर काम करणे त्यांना अशक्य झाले. त्या काळात कागदावर शाईची लहान रेखाटने तेवढी झाली. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. चरित्र म्हणून सांगण्यासारखे ह्याहून फार नाही, आणि ते नसावे अशीच बहुधा त्यांची इच्छा होती.

चित्रे मात्र सावकाश पाहावी लागतात. त्यांची प्रौढ काळातील बरीच चित्रे उभ्या आकाराची, माणसाच्या उंचीएवढी, सुमारे पावणेदोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद अशी आहेत. त्यांना नावे नाहीत. फार तर 'चित्र' हा शब्द आणि एक आकडा. प्रथमदर्शनी एकाच रंगाचे क्षेत्र दिसते: गेरूसारखे तांबडे, शेवाळी हिरवे, राखी, पिवळे. थोडा वेळ गेल्यावर कळते की हा एक रंग नाही. खाली दुसरा आहे, त्याच्या खाली तिसरा. कोठे वरचा पातळ होऊन खालचा उजळून येतो, कोठे एखादा आकार बुडता बुडता काठाशी राहून गेला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या एका चित्रापुढे मी प्रथम उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात आले ते आमच्या नदीचे पाणी, आणि ते तसे मनात आल्याबद्दल मला थोडी लाजही वाटली, कारण चित्रात नदी शोधू नये असेच चित्रकाराचे सांगणे होते. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलेही त्यांना रुचत नसे. अमूर्त म्हणजे मूर्तातून काढून घेतलेले. झाडावरून झाडपण, डोंगरावरून डोंगरपण. आपण असे काही काढून घेत नाही, आपले चित्र वस्तूपासून निघतच नाही, म्हणून ते वस्तुनिरपेक्ष आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा शब्दच्छल नव्हे. आपल्या धर्मविद्येतही सृष्टीवरून देवाकडे चढत जाणे आणि सृष्टीला बाजूस ठेवून देवापुढे उभे राहणे हे दोन वेगळे मार्ग मानले गेले आहेत.

त्यांची कृती समजून घेतली की धर्मशिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. कुंचल्याऐवजी ते रोलर आणि रंगाची सुरी वापरीत. रोलरने रंग पसरायचा, सुरीने ओढायचा, काही भाग खरवडून काढायचा, वाळू द्यायचा, त्यावर पुन्हा पातळ थर द्यायचा. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून, दाबून, उचलून घेत, म्हणजे तुकड्याचा ठसा उरे आणि तुकडा नाहीसा होई. त्यांच्या चित्रांत कोणत्याही लिपीत न बसणारी अक्षरे तरंगताना दिसतात ती पुष्कळदा अशा ठशांतून आलेली आहेत. प्रत्यक्ष हात चालवण्यापेक्षा बसून राहण्यात अधिक वेळ जाई. वर्षाला पाच-सहा चित्रे, क्वचित त्याहूनही कमी. तेव्हा धर्मशिक्षकांना मी सांगितले की त्यांचा दुसरा तर्क बरोबर आहे. हे रंगवून पुसले आहे, आणि पुसल्यावर जे राहिले त्यावर पुन्हा रंगवले आहे.

आता प्रभावांविषयी. चित्रकारावर कोणाचा प्रभाव आहे असे म्हणताना आपण तो कोणाचा तरी देणेकरी आहे असे सुचवितो, आणि देणे परत करावयाचे असते. कलेत ते तसे नसते. घेतलेले पुढे द्यावयाचे असते. म्हणून शीर्षकात मी 'ऋण' हा शब्द योजिला आहे, तो पितृऋण ह्या अर्थाने वाचावा.

पहिले ऋण शाळेतले. ज. जी. मध्ये जगन्नाथ अहिवासी भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा वर्ग चालवीत. तेथे लघुचित्रांचा अभ्यास होई. बसोहलीच्या चित्रांत अखंड तांबड्या किंवा पिवळ्या रंगाची सपाट क्षेत्रे असतात. त्यावर माणसे, झाडे, मंडप बेतलेले असतात. गायतोंडे ह्यांच्या आरंभीच्या चित्रांत ही सपाट क्षेत्रे आहेत आणि माणसेही आहेत. पुढे माणसे निघून गेली, क्षेत्रे राहिली. ज्यांना त्यांची नंतरची कला परदेशातून आणलेली वाटते त्यांनी ही साधी गोष्ट ध्यानात घ्यावी की ते तांबडे आणि पिवळे मुंबईच्या वर्गात, पहाडी चित्रांपुढे बसून शिकलेले आहे.

दुसरे ऋण पाउल क्ले ह्या चित्रकाराचे. १९५० च्या दशकात मुंबईतील तरुण चित्रकारांनी क्लेची चित्रे पुस्तकांतूनच पाहिली होती. छापील, लहान आकाराच्या चित्रांवरून एवढे शिकता येते ह्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. क्लेकडून गायतोंडे ह्यांनी घेतले ते रेषेचे स्वातंत्र्य: रेषेने कशाचे तरी वर्णन केलेच पाहिजे असे नाही, ती आपल्या वाटेने जाऊ शकते. काही वर्षांनी त्यांनी रेषाही सोडली. प्रभाव पचल्याची खूण ही की घेतलेल्या वस्तूवाचूनही चालू लागते.

तिसरे ऋण चित्रकलेबाहेरचे आहे आणि तेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस झेन विचाराकडे ते ओढले गेले. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज ह्यांच्या शिकवणीचा त्यांच्या मनावर परिणाम झाल्याचे अभ्यासक नोंदवितात. ह्यांपैकी निसर्गदत्त महाराज ह्यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. नवनाथ संप्रदायातील हा गृहस्थ मुंबईत विड्यांचे दुकान चालवी आणि गिरगावाजवळच्या खेतवाडीतील आपल्या लहान माडीवर येईल त्याच्याशी मराठीत बोले. १९७३ साली मॉरिस फ्रीडमन ह्यांनी ती संभाषणे इंग्रजीत आणली आणि मग जगभरचे लोक त्या माडीचा जिना चढू लागले. त्यांची पद्धत नकाराची होती: मी हे नव्हे, तेही नव्हे, असे म्हणत एकेक आवरण बाजूस करीत जायचे. रंगाचे थर देऊन खरवडणाऱ्या माणसाला ही पद्धत परकी वाटली नसावी. मात्र अमुक वाक्य ऐकले आणि अमुक चित्र झाले असा सांधा कोणी जोडू लागल्यास तो मानू नये. उपदेश ऐकून चित्र होत नाही. आपण इतकी वर्षे उपदेश करीत आहोत, आपणास हे ठाऊक असावयास हवे.

चौथे ऋण अमेरिकेचे. ह्याविषयी मतभेद आहेत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मार्क रॉथको ह्यांची चित्रे पाहिली. मोठ्या फलकावर तरंगणाऱ्या रंगक्षेत्रांची ती चित्रे आणि गायतोंडे ह्यांची चित्रे शेजारी ठेवली तर नाते दिसते. तेवढ्यावरून एकाला मूळ आणि दुसऱ्याला प्रतिध्वनी ठरविण्याची घाई पुष्कळांनी केली. परंतु तारखा पाहाव्यात. १९६२ साली काढलेले त्यांचे 'चित्र, ४' हे पूर्णतया वस्तुनिरपेक्ष चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विकत घेतले, आणि ते स्वतः न्यूयॉर्कला पोहोचले त्यानंतर, १९६४ साली. १९६३ मध्ये भारतात आलेल्या मॉरिस ग्रेव्हज ह्या अमेरिकन चित्रकारांनी त्यांचे काम पाहून न्यूयॉर्कच्या एका कलादालनाला त्यांची शिफारस करणारे पत्र लिहिले, तेही प्रवासापूर्वीच. तेव्हा रॉथकोंनी त्यांना वाट दाखविली असे म्हणता येत नाही. ज्या वाटेने ते चालले होते त्या वाटेवर आणखी कोणी चालत आहे असा दिलासा दिला, असे म्हणावे.

ह्याच संदर्भात 'मिनिमलिझम' ह्या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे, कारण अलीकडे गायतोंडे ह्यांना सर्रास त्या गटात बसविले जाते. अमेरिकेत १९६० च्या दशकात डोनल्ड जड, कार्ल आंद्रे वगैरेंनी जी कला निर्माण केली तिचा आग्रह असा की कलावस्तू ही केवळ वस्तू आहे. तिच्यामागे गूढ अर्थ, तिच्या पोटात भावना, असे काही शोधू नये. आंद्रे ह्यांची १२० विटांची एक आयताकार मांडणी लंडनच्या टेट संग्रहालयाने १९७२ मध्ये घेतली आणि १९७६ मध्ये त्यावरून वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. (कुंभारवाड्यात त्या विटा दोन दिवसही जागेवर राहिल्या नसत्या; कोणाच्या तरी चुलीमागे गेल्या असत्या.) त्या कलेतील प्रामाणिकपणा मी नाकारीत नाही. परंतु तिथली अल्पता आणि गायतोंडे ह्यांची अल्पता ह्यांत फार अंतर आहे. आंद्रे ह्यांच्या विटांखाली जमीन आहे, आणखी काही नाही. गायतोंडे ह्यांच्या वरच्या थराखाली गाडून टाकलेले सारे आहे. एकाने मुळात काही ठेवलेच नाही. दुसऱ्याने ठेवले आणि झाकले. 'मिनिमलिस्ट' ही उपाधी त्यांना अर्धवटच लागू पडते.

ती खऱ्या अर्थाने लागू पडेल अशी चित्रकर्ती त्यांच्या प्रभावाखालीच घडली. नसरीन मोहमदी ह्यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. शिक्षण लंडन आणि पॅरिस येथे. भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची गायतोंडे ह्यांच्याशी गाठ पडली आणि त्यांनी गायतोंडे ह्यांना गुरुस्थानी मानले. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवीत होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी रंग सोडला, कुंचला सोडला, आणि पांढऱ्या कागदावर पट्टी, पेन, पेन्सिल एवढ्यावरच काम केले. समांतर रेषा, तिरप्या रेषा, दाट होत जाणाऱ्या आणि विरत जाणाऱ्या जाळ्या. चित्रांवर नाव नाही, तारीख नाही. ह्या कागदांत इस्लामी वास्तूंची भूमिती आहे, मालेविच आणि कँडिन्स्की ह्यांचा अभ्यास आहे, वाळवंट आहे, समुद्र आहे, आणि गुरूची शिस्तही आहे. गुरूच्या चित्राशी मात्र एकाही कागदाचे बाह्य साम्य नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात मज्जासंस्थेच्या विकाराने त्यांना हालचालींवर ताबा ठेवणे कठीण झाले. तरी रेषा शेवटपर्यंत ढळली नाही. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचा अंत झाला. २०१३ साली दिल्लीच्या किरण नादर संग्रहालयाने त्यांचे समग्र दर्शन भरविले, आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी वास्तू उघडताना ज्या प्रदर्शनांनी आरंभ केला त्यांत त्यांचे प्रदर्शन होते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर गायतोंडे ह्यांची काही चित्रे, विशेषतः १९७० च्या दशकातील ज्यांत त्या अक्षरसदृश आकारांची आडवी ओळ सजावटीसारखी बसते, मला किंचित गोड वाटतात. नसरीन ह्यांच्या उत्तरकालीन रेषेत तो गोडवा उरलेला नाही. शिष्येने गुरूचे ऋण फेडले ते असे, गुरूला जे सोडता आले नाही तेही सोडून.

येथे एक तुलना टाळता येत नाही. ज्या १९२४ साली गायतोंडे जन्मले त्याच वर्षी गोव्यातील सालगाव येथे फ्रान्सिस न्यूटन सोझा ह्यांचा जन्म झाला. दोघांचे मूळ गोव्यात, दोघे ज. जी. चे, आणि १९४७ साली सोझा ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ग्रुपमध्येच गायतोंडे पुढे आले. सोझा कॅथलिक घरातले. त्यांनी ख्रिस्ताला काढले ते काट्यांनी, दातांनी, काळ्या जाड रेषांनी. १९५९ सालचे त्यांचे 'क्रूसारोहण' हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते पाहून मनात भक्ती उत्पन्न होत नाही, धसका बसतो. ख्रिस्तसभेवर त्यांचा राग होता आणि तो त्यांनी लपविला नाही. एकाच वयाच्या, एकाच मातीच्या ह्या दोघांत एकाने किंकाळी काढली आणि दुसऱ्याने मौन. आपल्या भिंतीसाठी ह्यांपैकी कोणाला बोलवावे असा प्रश्न टाकला तर आपणांपैकी बहुतेक जण गायतोंडे ह्यांचे नाव घेतील, कारण मौन कोणाला दुखवीत नाही. मला येथेच शंका येऊ लागली.

गायतोंडे ह्यांच्या चित्राला 'प्रार्थना' म्हणण्याचा मोह आपणा धर्मगुरूंना सहज होतो. आपल्या परंपरेत त्याला आधारही आहेत. निसा येथील संत ग्रेगरी ह्यांनी मोशेच्या चरित्रावर लिहिताना देवाच्या जवळ जाणे म्हणजे प्रकाशातून अंधारात शिरणे असे दाखविले. क्रूसाचे संत योहान ह्यांनी कार्मेल डोंगराचे रेखाचित्र काढून त्याच्या मधल्या वाटेवर नकाराचा एकच शब्द पुनःपुन्हा लिहिला. आपल्या मराठीतही ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त शब्दाच्याच खंडनासाठी स्वतंत्र प्रकरण घातले आहे. १९६३ च्या व्हॅटिकन सभेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने मंदिरांत भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य असावे असे सुचविले. ह्यूस्टन येथील रॉथको चॅपेल १९७१ मध्ये उघडले. तेथे अष्टकोनी खोलीत जवळजवळ काळी अशी चौदा चित्रे आहेत. आरंभी ते कॅथलिक उपासनेसाठी योजिले होते, पुढे सर्व धर्मांसाठी खुले झाले. तेव्हा कोऱ्या भिंतीच्या बाजूने बोलावयास मला साक्षीदार कमी नव्हते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच आपली आहे. आठव्या शतकात प्रतिमा फोडल्या जात होत्या तेव्हा दमास्कसचे संत योहान ह्यांनी जो युक्तिवाद केला त्याचा गाभा असा होता की अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे; परंतु शब्दाने देह धारण केल्यावर, त्याला चेहरा आल्यावर, तो काढू नये असे म्हणणे म्हणजे तो आलाच नाही असे म्हणण्यासारखे आहे. ७८७ सालच्या निकेयाच्या दुसऱ्या सभेने हे मान्य केले. गायतोंडे ह्यांच्या चित्रात चेहरा नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा करण्याचा आपणास अधिकारही नाही. ते ख्रिस्ती चित्रकार नव्हते. त्यांची साधना त्यांची होती. त्यांच्या मौनाला आपले लेबल चिकटविणे हे न विचारता बाप्तिस्मा देण्यासारखे होईल. होरेब डोंगरावर एलियाला वारा, भूकंप आणि अग्नी ह्यांनंतर जी अगदी बारीक शांतता लाभली तिचा दाखला अशा वेळी सर्रास दिला जातो. मीही प्रवचनात दिला आहे. परंतु तो अध्याय पुढे वाचला तर दिसते की त्या शांततेनंतर एलियाला कामे सांगितली गेली: माघारी जा, अमुकाला अभिषेक कर, तमुकाला कर, अलीशाला आपल्या जागी नेम. ती शांतता त्याला परत पाठविते. गायतोंडे ह्यांचे चित्र मला कोठे पाठवीत नाही. ते मला थांबविते, आणि थांबविणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण ते तेवढेच करते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ही गोष्ट मला पुस्तकांवरून कळली नाही. काळी नदीवर गणेशगुडी येथे सुपा धरण झाले, १९८० च्या दशकात ते पूर्ण झाले. जुने सुपा गाव आणि आजूबाजूची वस्ती पाण्याखाली गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि पुष्कळ लोकांना रामनगरला वसविण्यात आले. पावसाळ्यानंतर त्या जलाशयाच्या काठी उभे राहिले तर दिसते ते तंतोतंत गायतोंडे ह्यांचे चित्र असते: राखी हिरवे अखंड पाणी, वर किंचित उजेड, कोठेतरी काठाशी एक गडद रेघ. मी एकदा तसे मोठ्या आनंदाने म्हणालो. बरोबर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी बोट करून आपले घर कोठे होते, विहीर कोठे, बाजार कोठे भरत असे, ते दाखविले. मी पाहत होतो ते पृष्ठ. ते पाहत होते ते थर. पुढे पुष्कळ दिवस मी गायतोंडे ह्यांचे चित्र पाहू शकलो नाही.

नंतर पुन्हा पाहिले तेव्हा ते अधिक चांगले कळले असे मला वाटते. बुडालेले काहीतरी आहे ह्याची जाणीव ज्या चित्रांत शिल्लक आहे ती चित्रे श्रेष्ठ. जेथे पृष्ठ फारच निवांत झाले आहे, जेथे खालचा थर वर यावयास धडपडत नाही, ती मला कमी प्रतीची वाटतात. आमच्या भागातील कुणबी बांधव अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून कित्येक वर्षे मागणी करीत आले आहेत. जंगलात राहणाऱ्यांचा आवाज बाहेर पोहोचत नाही. त्यांच्या गप्प राहण्याला कोणी ध्यान म्हणू नये. चित्रकाराने निवडलेले मौन आणि माणसावर लादलेले मौन बाहेरून सारखेच दिसते. आपण दुसऱ्याच्या रक्षणासाठी नेमलेली माणसे आहोत, तेव्हा हा फरक आपण विसरून चालणार नाही. गायतोंडे ह्यांनी तो विसरावा की नाही हा त्यांचा प्रश्न होता.

एक गोष्ट नाइलाजाने लिहावी लागते. ज्या माणसाने आयुष्यभर थोडक्यात भागविले त्याचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, २०१५ मध्ये दुसरे २९ कोटी ३० लाखांना, आणि पुढे ह्याहूनही चढे भाव आले. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन सुरू झाले ही गोष्ट योग्यच झाली. परंतु भारतात त्यांचे नाव पुष्कळांनी प्रथम ऐकले ते किमतीवरून. धर्मशिक्षकांना मी हा आकडा सांगितला नाही. मला भीती वाटली की त्यानंतर ते चित्राकडे पाहणार नाहीत. मराठीत चिन्ह प्रकाशनाने सतीश नाईक ह्यांच्या संपादनाखाली 'गायतोंडे' हा ग्रंथ काढला आहे; ज्यांना अधिक वाचावयाचे आहे त्यांनी तो कोठूनतरी मिळवावा. सुनील काळदाते ह्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला माहितीपटही पाहण्यासारखा आहे. चित्रकार त्यात फारसे बोलत नाहीत.

भिंतीचे काय, असे वाचक विचारतील. मी माझे म्हणणे मागे घेतले आहे, परंतु पूर्णपणे नाही. सोनेरी महिरप नको ह्यावर मी ठाम आहे, आणि छापील शेवटले भोजन तर नकोच. धर्मशिक्षकांचे म्हणणे असे की भिंत कोरी राहू द्या, मात्र तिच्यावर एक साधा लाकडी क्रूस असावा, आणि त्या क्रूसावर देह असावा. नुसता क्रूस नको. मी विचारले, देह का? ते म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्या बायका येतात त्यांना पाय धरायला काहीतरी हवे, फादर." गावातल्या एका सुताराशी बोलणे झाले आहे. लाकूड कोणते घ्यावे आणि वनखात्याची परवानगी कशी मिळवावी ह्यावर सध्या घोडे अडले आहे. गायतोंडे ह्यांच्या चित्राची ती छापील प्रत धर्मशिक्षक आपल्या घरी घेऊन गेले. त्यांनी ती पडवीत, कोयत्याशेजारी लावली आहे.